उघड्या मोटारी आणि धाराशिवच्या मॅडम

११ फेब्रुवारी

आज चक्क वेळेवर पोचले. मॅडमच्या दारात घड्याळ बघितलं तर माझा माझ्यावरच विश्वास बसंना. याआधी दोनदा बुडवलंय. मॅडमचा नियम हाय, न सांगता तीनदा बुडवलं की ती वेळ रांगेतल्या दुसऱ्या माणसाला. म्हणजे माझ्या खात्यात आता एकच चूक शिल्लक.

झोप येत न्हाय म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांकडं गेले होते. त्यांनी विचारत विचारत पार चौथी-पाचवीपर्यंत नेलं आणि कागदावर लिहिलं, एडीएचडी. छत्तिसाव्या वर्षी. शाळेत ह्यालाच वेंधळी म्हणायचे आणि पट्टी मारायचे. गोळ्या ते डॉक्टर देतात, धाराशिवच्या मॅडम नुसतं बोलतात. मिलिंद म्हणतो, "नुसतं बोलायलाच एवढ्या लांब जायचं तर मी हाय की घरात." (तोंडावर अहो, डायरीत मिलिंद. नवरा हाय, कुठं वाचायला येतोय.)

मॅडमनी आज कामाचं विचारलं. सांगितलं. येरमाळ्याला हायवेच्या कडंला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. मोटारी आणणं, पोचवणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मिलिंदकडं. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्यानं भरायची, ते माझं. आयटीआय केलंय, पण खरं शिकले आबांजवळ, वडलांजवळ. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाय इतक्या मोटारी उघड्या पडल्यात. वायंडिंग भरलेल्या, फक्त मिटवायच्या राहिलेल्या.

"उघडताना काय वाटतं?" मॅडम.

मग काय, सुटलेच मी. व्होल्टेज कमी होतं का, विहिरीत पाणी नसताना कोरडी चालली का, बेअरिंग जाम झालं का, का उंदरानं केबल खाल्ली. वास घेतला तरी अर्धं कळतं. ते शोधताना जेवायची आठवण राहत न्हाय.

"आणि मिटवताना?"

म्हणलं, मॅडम, का जळाली ते कळलं की माझ्यापुरती मोटार दुरुस्त झाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. मला लई बरं वाटलं, का ते कळंना. येताना येडशीपर्यंत तेच घोळत होतं. हे वाक्य मी आधी कधी कुणाला बोलले नव्हते. मलाच माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

किसनतात्या सकाळपासून स्टुलावर. पाण्यातली मोटार हाय त्यांची, ऊस वाळायला लागलाय. चहा तिथं, तंबाखू तिथं, डुलकी तिथं. मोटार घेतल्याशिवाय हालत न्हाईत. दुपारी एक नवीन गिऱ्हाईक मोटार टाकून निघालं होतं, त्याला तात्यांनी थांबवलं.

"ओ पाव्हणं, टाकून जाऊ नका. शीलाकडं मोटार टाकून जायची न्हाय, बसून करून घ्यायची. हात सोन्याचा हाय पोरीचा. पण बसावं लागतंय."

तो पण बसला. माझ्या समोर, मी तिथं नसल्यागत बोलले सगळं. मिलिंदला वाटतं तात्यांनी माझं कौतुक केलं.

दोन्ही मोटारी संध्याकाळच्या आत गेल्या. मान खाली घालून भरत होते, डोकं नुसतं तापलेलं.

१९ फेब्रु.

काहीच न्हाय. मोटारी तपासायच्या सिरीज बोर्डचा बल्ब आणायचा होता. गेले, कोथिंबीर घेऊन आले.

२५ फेब्रुवारी

भांडण झालं. मॅडमशी.

तात्यांचं सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं. गावात माझं नावच तसं पडलंय, बसून करून घ्यायची बाई. शाळेतल्या पोरावर नजर ठेवावी तसं माझ्यावर ठेवतात, असं सांगत होते.

आणि मॅडम पुढं सरकून बसल्या, चेहरा असा उजळला की बस्स. "शीलाताई, अहो हे तर तुमच्या गिऱ्हाइकांनी स्वतःच शोधून काढलं! शेजारी कुणीतरी शांत बसलं की तुमच्यासारख्यांचं काम पुरं होतं. आम्ही हे मुद्दाम शिकवतो लोकांना. ह्याला नावसुद्धा आहे."

मी म्हणलं, "मॅडम, ही माझी गावभर झालेली बदनामी हाय. तुम्हाला ह्यात शोध दिसतो व्हय?"

वर पंखा कुईकुई करत होता. बुश गेलंय त्याचं, कॅपॅसिटर पण मेल्यागतच हाय. ते सांगायचं राहिलं.

मग माझ्या तोंडातनं जे निघालं ते ठरवून न्हाय निघालं. म्हणलं, "माझ्यात काय जळालंय ते तुम्हाला कळलं ना, की तुमचा पण इंट्रेस्ट संपणार. मला ठाऊक हाय ते कसं असतं. मी रोज करते."

मॅडम काहीतरी म्हणणार होत्या. तेवढ्यात बाहेरच्यानं दार वाजवलं, वेळ संपली. "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू. अकरा मार्च." मी हो हो हो करून निघाले.

लहान हाय ती माझ्यापेक्षा. नांदेडची. नुकतीच शिकून आली असंल. मी उगं तोडून बोलले का? न्हाय. बरोबर बोलले. का न्हाय?

२६ फेब्रुवारी

राग हायच. पण एक गोष्ट डोक्यातनं जाईना. शेजारी माणूस बसल्यानं तार भरणाऱ्या हाताला काय फरक पडतो? तो तर काही करत न्हाय. धाकानं होत असंल तर मग तात्या झोपल्यावर माझं काम थांबायला पाहिजे. थांबत न्हाय. उलट बरं होतं.

बघायचं करून. मॅडमसाठी न्हाय, माझ्यासाठी.

१ मार्च

मिलिंदला शेजारी बसवलं. त्याला सांगितलं, गप बसायचं, हलायचं न्हाय. थोड्याच वेळात सुरू, "हे आधी घे की. ती पाटलाची आधी घे. वार्निश कमी झालं न्हाय का?" हाकललं. नवरा ह्या कामाचा न्हाय.

मोबाईलवर बहिणीला व्हिडिओवर लावलं. ती तिकडं भाकरी करत होती, मी इकडं मोटारीच्या खाचांत कागद घालत होते. लई छान चाललं. मग ती सासूचं सांगायला लागली आणि कागद हातातच राहिला.

मांजर. मांजर बसली होती समोर, काम चाललं होतं. पण ती उठून गेली आणि मी तिच्या मागं.

तात्या उत्तम. तात्यांना ह्यात काही सांगितलेलं न्हाय. ते मोटार नसताना पण येतात आजकाल, घरी सुनेशी पटत न्हाय म्हणून. बसतात. पेपर वाचतात, झोपतात. चार उघड्या मोटारी मिटल्या ह्या आठवड्यात. मिलिंद मोटारींकडं बघतो, माझ्याकडं बघतो, बोलत काही न्हाय. नजर लागंल म्हणून.

धाक न्हाय, पक्कं. मग काय? मॅडमना विचारायचंय. म्हणजे भांडण मिटवायलाच लागणार.

१२ मार्च

काल ११ होती.

आत्ता पेपरवर तारीख बघितली.

परवा संध्याकाळी शेजारच्या गावच्या नळ योजनेची मोटार आणली होती. अख्ख्या गावाचं पाणी बंद. बाया घागरी घेऊन हापशावर, सरपंच स्वतः टेम्पोत बसून आलेले. काल सकाळी उघडली. नुसती जळाली नव्हती, आधी कुणीतरी भरताना चूक केली होती आणि ती चूक कुठं हाय ते सापडंना. आणि मग सापडली. दिवस कुठं गेला माझा मलाच कळलं न्हाय. संध्याकाळी मोटार सोडली, पाणी आलं, सरपंचांनी फोन करून सांगितलं, लोकांनी पेढे पाठवले. मिलिंद दुकानात येईल त्याला सांगत होता, "हिनं केली. एका दिवसात."

मी पेढे खात होते. त्या वेळी तिकडं मॅडम.

अक्कल कुठं गहाण टाकली होती मी. मोबाईलमधली घंटी वाजली असंल, मीच बंद केली असंल, हात तारेत असताना. आठवत पण न्हाय.

तीन झाले.

१९ मार्च

फोन केला न्हाय. त्यांचा पण आला न्हाय.

मिलिंद रोज म्हणतो, "कर की फोन. माणसाकडनं चूक होते." त्याला सांगता येत न्हाय. मला ठाऊक हाय आता काय होणार ते. येरे माझ्या मागल्या. आयटीआयच्या सरांना मी तिथं शिकवायच्या, निदेशकाच्या परीक्षेला बसते म्हणून शब्द दिला होता, फॉर्म भरायचा राहिला, तेव्हापासून त्यांच्या गल्लीतनं जात न्हाय. रेखाच्या लग्नाच्या साडीला फॉल लावून देते म्हणले होते, साडी तशीच राहिली, लग्नालाच गेले न्हाय. माझी मैत्रीण होती ती, जिवाभावाची. तिला वाटतं मला गर्व चढला.

एकदा चुकलं की मी ते माणूसच सोडते. चूक धुऊन टाकण्यापेक्षा माणूस सोडणं सोपं जातं मला. आता धाराशिव पण सोडायचं. बाजाराला बार्शीला जायचं, काय बिघडतंय.

लई वाईट वाटतंय. ते बाईमाणूस मला आवडत होतं.

२२ मार्च

तात्या विचारत होते, "आजकाल धाराशिवला जात न्हाईस? बरी झालीस का?"

म्हणलं व्हय.

"काय झालतं पण तुला?"

म्हणलं, काही न्हाय तात्या, उगं थकवा.

तात्या म्हणले, "मग असं तोंड का पाडलंयस, बरी झालीयस तर."

२४ मार्च

गेले.

ठरवून न्हाय गेले. धाराशिवला तारेचं बंडल बदलून आणायचं होतं, दुकान बंद निघालं, आणि पाय मॅडमच्या जिन्याकडं वळले. खाली मेडिकल, वर मॅडम. बाकड्यावर बसले. आत कुणीतरी होतं. वेळ माझी न्हाय, काही न्हाय. उठून जावं असं शंभरदा वाटलं.

दार उघडलं, एक आजी बाहेर गेल्या, मागनं मॅडम. मला बघून थांबल्याच.

"शीलाताई."

मी म्हणलं, "माफी मागायला आले. वेळ मागायला न्हाय. नियम ठाऊक हाय."

आत बोलावलं. बसलो. आणि मॅडम म्हणल्या, "त्या दिवशी मी तुमची वाट बघत इथंच बसून होते. मला वाटलं मागच्या वेळी मी जे बोलले त्यानं तुम्ही दुखावलात. आता येणार नाही म्हणून ठरवलंत."

मी म्हणलं, "रागानं? न्हाय हो मॅडम. मी विसरले."

"विसरलात?"

"साफ. राग असता तर आले असते की. राग माझ्या लक्षात राहतो."

त्या हसायला लागल्या. मग मी पण. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. म्हणल्या, "मी दिवसभर पेशंटच्या घरच्यांना समजावून सांगते. ती विसरली म्हणजे तिला तुमची किंमत नाही असं नाही. नवऱ्यांना सांगते, आईबापांना सांगते. आणि स्वतःवर आलं तर..."

चष्मा परत डोळ्यावर चढवला.

मी विचारलं, "मग फोन का न्हाय केला?"

"आठवण करून देणं माझं काम नाही, तुम्ही ते स्वतः शिकायचं, असं मी ठरवलं होतं." मग म्हणल्या, "आणि खरं सांगायचं तर मला लागलं होतं."

लागलं होतं! मॅडमना! बाकड्यावर बसून मी विचार करत होते की त्या रागावल्या असतील. त्या इथं बसून विचार करत होत्या की मी रागावले असेन. दोघी आपापल्या जागी तोंड पाडून. आणि मोटार एका गावाचं पाणी चढवत होती.

मग त्याच म्हणल्या, "तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं होतं. तुमचं काय आहे ते कळल्यावर माझा इंट्रेस्ट संपेल का. शीलाताई, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलंच होतं की."

गाडीत बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का घरचं. म्हणलं, न्हाय न्हाय, बरं झालंय एक.

२५ मार्च

कालचं अर्धंच लिहिलं.

मंगळवारची माझी वेळ गेली. दिली दुसऱ्या कुणाला. मॅडमनी सरळ सांगितलं, "ती परत घेऊन तुम्हाला देता येणार नाही. तेही वाट बघत होते." मी मोडा म्हणले न्हाय. नियम मोडला असता तर मला तेवढ्यापुरतं गोड वाटलं असतं, पण मग मी त्यांना पण गुंडाळायला लागले असते, सगळ्यांना गुंडाळते तशी. गोड बोलून.

एकच वेळ मोकळी हाय. सोमवार सकाळ, पहिली. कुणालाच नको असते म्हणून मोकळी. मला तर अजिबात नको. सोमवारी आमच्याकडं शेतीच्या लाइटीची पाळी बदलते आणि सगळ्यांना आपापली मोटार बंद पडलेली त्याच दिवशी कळते. दुकानात जत्रा असते.

हो म्हणून आले. ७ एप्रिल.

शेजारी माणूस बसल्यानं काय होतं, ते पण विचारलं. मॅडम म्हणल्या, नक्की कुणालाच माहीत नाही, वेगवेगळे अंदाज आहेत. "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणलं, धाक न्हाय एवढं मी तपासलंय. मांजरीचं, मिलिंदचं, सगळं सांगितलं. त्या पुढं सरकून बसल्या. मागच्या वेळी तशाच बसल्या होत्या तेव्हा मला राग आला होता. ह्या वेळी न्हाय आला. फरक काय पडला? मी पण पुढं सरकून बसले होते.

३१ मार्च

मिलिंद म्हणतो, "मी येतो सोबत. दुकान एक दिवस बंद ठेवू." म्हणलं, नको. "मग सकाळी मी तुला उठवतो, गाडीत बसवून देतो." म्हणलं, ते पण नको. त्याला राग आला. "तुझ्या मॅडमनं तुझ्या डोक्यात काय भरवलंय? मदत घ्यायची न्हाय म्हणून?"

मॅडमनी न्हाय भरवलं. मलाच बघायचंय. म्हणजे मला जमतं का ते न्हाय, ते जमत न्हाय हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक हाय. मला बघायचंय की मला जायचंय हे माझ्या डोक्याला कळतं का.

ह्यात अर्थ हाय का ठाऊक न्हाय. झोपताना पटलं होतं, आता लिहिताना खुळचट वाटतंय.

४ एप्रिल

यात्रा तोंडावर, तिच्या पाठोपाठ जयंती. गल्लीत वर्गणी, निळ्या पताका, दुकानात मोटारी. मिलिंद मंडळात खजिनदार, त्यामुळं दुकानात नावालाच. मी एकटी. तात्या असतात.

सोमवार सोमवार सोमवार. दारावर खडूनं लिहून ठेवलंय. तात्यांनी वाचलं आणि म्हणले, "कोण मेलंय सोमवारी?"

६ एप्रिल, रविवार

मॅडमच्या जिन्यात बसून लिहितेय. दार बंद. कुलूप.

मिलिंद काल तार आणायला बार्शीला गेला तो मित्राकडंच राहिला. मला पहाटेच जाग आली. आपोआप. दचकून उठले, आज जायचंय, आज जायचंय. डोकं विंचरलं, दुकानाच्या दारावर पाटी लावली, पहिल्या गाडीत बसले. रस्ताभर स्वतःवर इतकी खूश. येडशीच्या पुढं उन्हात सगळं माळरान दिसत होतं आणि मी मनात मॅडमना काय काय सांगायचं ते लावत होते. आमचं दुकान रविवारी पण चालू, त्यामुळं वार कुठला हे कुणी सांगायला न्हाय.

जिन्यात थांबून थांबून पाय दुखले. खाली मेडिकलवाला शटर वर करत होता. म्हणला, "ताई, रविवारी नसतात त्या."

मी म्हणलं, आज रविवार हाय?

तो माझ्याकडं कसा बघत होता.

बसले पायरीवर. आधी वाटलं रडावं. मग हसूच यायला लागलं. छत्तीस वर्षांत शीला कुठं लवकर पोचली असंल तर आज. एक अख्खा दिवस लवकर! आबा असते तर शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवलं असतं.

मॅडमना फोन केला. ह्यापूर्वी मी त्यांना कधी स्वतःहून फोन केलेला न्हाय. त्या नांदेडला आईकडं होत्या, मागं मिक्सरचा आवाज. म्हणलं, "मॅडम, मी आलेय."

"कुठं?"

"तुमच्या दारात. उद्याच्या ऐवजी आज."

पलीकडं मिक्सर बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणल्या, "शीलाताई, मी आत्ता निघाले तरी संध्याकाळ होईल." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. म्हणलं, तसं नका करू, आईजवळ बसा.

"मग उद्या याल?"

तोंडात हो हो हो आलं होतं. आयुष्यभर तेच आलंय. उद्या या, उद्या देते, झालंच समजा. पण उद्या सोमवार, लाइटीची पाळी, मिलिंद कधी येईल पत्ता न्हाय, दुकान आज पण बंद, आणि आजची सगळी हुशारी मी आजच संपवून बसलेय.

म्हणलं, "ठाऊक न्हाय मॅडम. यायचं तर लई हाय."

"बरं," त्या म्हणल्या. "मी आज रात्रीच्या गाडीनं येते. सकाळी दार उघडं असेल. फोन करू का तुम्हाला सकाळी?"

आठवण करून देणं त्यांचं काम न्हाय असं त्याच म्हणल्या होत्या. मला खरंच कळंना मला काय पाहिजे ते. मेडिकलवाला पाणी मारत होता, पायरी ओली व्हायला लागली.

"करा," म्हणलं. "आणि न्हाय उचलला तर उगं समजून घेऊ नका. रागवा."

हसल्या की काय कळलं न्हाय, तेवढ्यात रेंज गेली.

भाकरी आणली होती, ती खाल्ली. आता स्टँडवर जाते. दुकानाच्या बंद दारासमोर आज पण कुणीतरी बसलेलं असंल.